काचेवरची विहीर

काच उलटी धरली होती, तरी कवडूनं आईला ओळखलं. दिव्याच्या यंत्रात काच उलटीच सरकवावी लागते, तेव्हा कुठं पडद्यावर माणसं पायांवर उभी राहतात. त्यामुळं वर्ध्याच्या त्या प्रसिद्धी कार्यालयाच्या मागच्या खोलीत बसून सगळा जिल्हा डोक्यावर उभा पाहायची त्याला सवय झाली होती. खिडकीशी तिरपी बसवलेली दुधी काच, तिच्याखाली आरसा, आरशातून वर येणारा सकाळचा उजेड, आणि त्या उजेडावर काचेच्या लहान चौकोनी पाट्या. त्यांच्यावर काळीपांढरी शेतं, काळेपांढरे बैल, काळीपांढरी माणसं. त्यांना रंग देणं हे कवडूचं काम. सुकलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीला हिरवा, बायांच्या लुगड्यांना लाल-निळा, पोरांच्या गालांवर कापसाच्या बोळ्यानं पुसट गुलाबी. गावोगाव पडदा बांधून दाखवायच्या चित्रात काही वाळलेलं, फाटकं, रिकामं दिसता कामा नये, हा साहेबांचा नियम. बाहेर पऱ्हाटी जळून गेली तरी कवडूच्या काचेवर पीक सोळा आणे. त्या दिवशी त्यानं नव्या गठ्ठ्यातली वरची काच पुसली, उजेडावर ठेवली, आणि खाली डोकं वर पाय अशी एक बाई डावा हात वर करून उभी दिसली. उजवा हात अंगाशी लोंबत होता, दोरीवर वाळत घातलेल्या बाहीसारखा. लहानपणी मोडलेला आणि वाकडा बसलेला हात होता तो. साऱ्या जिल्ह्यात असा एकच हात कवडूला माहीत होता. त्यानं काच सुलटी केली नाही. सुलटी केली असती तर ती त्याच्याकडे पाहू लागली असती असं काहीतरी त्याला वाटलं.

चित्र गावच्या नव्या विहिरीचं होतं. आंजीच्या पुढं दीड कोसावर त्याचं गाव; तिथं विकास योजनेतून बांधलेली पक्की विहीर, उंच गोल ओटा, लोखंडी चाक. ओट्यावर पाटलाची रुख्माबाई दोर ओढताना, तिच्या भोवती चारदोन कुणब्यांच्या बाया, सगळ्या फोटोसाठी हसलेल्या. आणि ओट्याच्या खाली, चार हात अंतरावर, जमिनीवर मडकं ठेवून आई. फोटोवाल्यानं तिला मुद्दाम घेतलेली नव्हती, ती चौकटीत राहून गेली होती. कवडूच्या पाठीशी येऊन वासुदेवरावांनी काच पाहिली. हे साहेब, खादीचा स्वच्छ सदरा, मऊ आवाज, माणूस मनानं खरोखर चांगला. हेच तर कवडूचं दुखणं होतं. वाईट माणसाला निदान मनातल्या मनात शिवी देता येते. "छान आहे," ते म्हणाले, "पण ही खालची बाई सुटी पडलीये हो. चित्र तुटतं तिच्यामुळं. तिला आत घ्या ना. 'सर्वांची विहीर' असं नाव द्यायचंय. तुमच्या हाताला काय अशक्य आहे?" कवडूनं विचारलं, "पण साहेब, ते तसं नसलं तर?" वासुदेवराव हसले. "नसलं तरी उद्या असेल. लोकांना आधी चित्र दाखवायचं, गाव त्याच्यामागून येतं. आपलं काम तेच आहे, कवडूजी." आणि ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. खांद्यावर हात ते सगळ्यांच्या देखत ठेवत, नागपूरहून कोणी पाहुणे आले की जरा जास्त वेळ ठेवत: "हे आमचे कवडूजी. बघा काय हात आहे! आणि कुठून वर आलेत!" ही माझी आई आहे, एवढंच वाक्य कवडूला म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर साहेबांचे डोळे पाणावले असते, आणि पुढच्या पाहुण्यांपुढं त्याच्या शेजारी आईलाही उभं केलं गेलं असतं. एक नमुना पुरे होता.

आईचा तो वर केलेला हात फोटोसाठी नव्हता. तो हात कवडू जन्मल्यापासून तसाच वर होता. जुन्या विहिरीपाशीही ती अशीच उभी राहायची, मडकं खाली ठेवून, डोळ्यांवर ऊन घेत. "वाढ वो बाई पाणी. लेकरू हाये संगं." वरची बाई आपली घागर भरायची, मग दुसरी, मग गप्पा, मग सुनेची चुगली, आणि वाटलंच तर एक बालटी वरून खाली. धार मडक्यात कमी आणि मातीत जास्त पडायची. लहान कवडू मडक्यापाशी बसून ओंजळ धरायचा, तेव्हा ती धार डोक्यावर, डोळ्यांत, नाकात जायची आणि वरच्या बाया हसायच्या. रुख्माबाई तेव्हा नवी नवरी होती. ती हसायची नाही, पण दोर ओढून हात भरून आले की उरलेलं पाणी परत विहिरीत टाकून द्यायची. उन्हाळ्यात एकदा आई अशी उभी राहिली ती उन्हं डोक्यावरून पार कलली तरी उभीच. भोवती सावलीला एक झाड नव्हतं. कवडू तिच्या लुगड्याच्या सावलीत बसला होता. ती हलली की तोही सरकायचा. पुढं दसऱ्याला सगळा खालचा मोहल्ला नागपूरला जाऊन धर्म बदलून आला. आईनं घरातले देव फडक्यात बांधून धाम नदीत सोडले, आणि घरी येताना पहिल्यांदाच मान ताठ ठेवून चालली. गावानं काही म्हटलं नाही. फक्त वरून पडणारी ती एक बालटीही बंद झाली. "आता तुमचा धर्म येगळा, तुमची हीर येगळी पाह्यजा," एवढंच पाटील अण्णाजी म्हणाला, तेही पान चघळत, गोडीनं. नवी विहीर सरकारी पैशानं झाली तेव्हा खालच्या मोहल्ल्यानंही दगड वाहिले होते. ओटा बांधून झाला, त्याच्यावर योजनेचं नाव कोरलं, आणि आई पुन्हा चार हात अंतरावर येऊन उभी राहिली. देव नदीत गेले, अंतर काही वाहून गेलं नाही.

तर आता तिला आत घ्यायचं होतं. कवडूनं काच ओल्या कापसानं भिजवली, म्हणजे रंग डाग न धरता मुरतो, आणि नुसता बसून राहिला. फोटोतल्या माणसाला जागचं हलवता येत नाही. दुपारपर्यंत त्याला काही सुचलं नाही. मग सुचलं ते इतकं सोपं होतं की त्याला हसू आलं. आईला ओट्यावर नेता येत नव्हतं, तर ओटाच आईच्या पायाखाली आणायचा. त्यानं सुईनं ओट्याची कड खरवडून काढली, दगडाचा करडा रंग हळूहळू पुढं ओढला, मडक्याखालून, आईच्या टाचांखालून, आणि तिच्या पलीकडं नवी कड आखून टाकली. राहिला हात. तो वर होताच. त्यानं चाकावरून एक दोर आणला, केसाएवढा बारीक, आणि त्या मागणाऱ्या मुठीत दिला. आता ती मागत नव्हती, ओढत होती. मडक्याच्या तोंडाशी सुईचं टोक टेकवून एक पांढरा कण काढला, झालं, मडकं काठोकाठ. लुगड्याला त्यानं जांभळा दिला. तसं लुगडं तिच्याकडं कधीच नव्हतं. असतं तर तिनं नेसलं नसतं, डोळ्यावर येतं म्हणाली असती. रंगाचा पहिला हात, वाळू दिला, दुसरा हात, वाळू दिला, किनार लाल. असं काम त्यानं कधी केलं नव्हतं. खोटं सांगण्यात काय अर्थ, त्याला आनंद झाला होता. छातीत मावेना इतका. संध्याकाळी सिंदी मेघेतल्या आपल्या खोलीकडं सायकलनं जाताना तो चक्क शीळ घालत होता. एका सबंध गावानं, पाटलानं, रुख्माबाईनं, बाराशे वर्षांच्या रिवाजानं जे करू दिलं नव्हतं ते त्यानं खारीच्या शेपटीच्या चार केसांच्या कुंचल्यानं करून टाकलं होतं. असल्या आनंदाची किंमत दुसऱ्याला द्यावी लागते, हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. किंवा असेल, पण शीळ घालताना माणूस असलं काही आठवत नाही.

खेळ गावात आला तेव्हा काचा सरकवायला कवडूच गाडीबरोबर गेला. दिवेलागण झाली होती. चावडीसमोर दोन बल्ल्यांना ओलं धोतर ताणून बांधलं. पडद्यापुढं खुर्च्यांवर वासुदेवराव आणि अण्णाजी पाटील, मागं गाव बसलेलं. खालचा मोहल्ला पडद्याच्या पाठीमागं बसला, आईही त्यांच्यातच. त्यांना कोणी तिथं बसवलं नव्हतं. तिथंच बसायचं हे त्यांना आणि गावाला ठाऊक होतं. ओल्या धोतरातून चित्र तिकडंही दिसतं, फक्त डावं उजवीकडं होतं. खताची चित्रं झाली, लसीची झाली, मग कवडूनं ती काच सरकवली. मग "अवो, रुख्माबाई!", "थे पाह्य, मी!" असा एकच गलका झाला. आपण पडद्यावर दिसतो याचंच लोकांना अप्रूप, बाकीचं कोण पाहतो! "पुन्हा दाखवा, पुन्हा!" कवडूनं काच काढली, पुन्हा घातली. या वेळी गलका ओसरू लागला, कारण आता त्यांना ओट्याच्या कडेची जांभळी बाई दिसली होती. मागून कोणी पोर ओरडलं, "आणखी एक बार!" तिसऱ्यांदा काच गेली तेव्हा गाव गप्प होतं. दिव्याच्या सुंसुं आवाजाखेरीज काही नाही. वासुदेवराव मान कलती करून म्हणाले, "काय पाटील, कसं आहे?" अण्णाजीनं पानाची पिंक बाजूला टाकली. "बेस हाये साहेब. सरकारचं काम म्हंजे बेसच." साहेबांना भरून आलं. परतताना गाडीत ते म्हणाले, "पाहिलंत? एकानंही तोंड उघडलं नाही. मनं बदलतायत, कवडूजी." कवडू बाहेर अंधारात पाहत राहिला. मोहल्ल्यात जाऊन आईला भेटून यावं असं त्याच्या मनात आलं होतं. गाडी थांबवा म्हणायला मात्र तोंड उघडलं नाही. त्या दिवशी गावात न उघडलेलं ते एक आणखी तोंड.

गावाच्या गप्प बसण्याचा आईनं मात्र वेगळा अर्थ लावला, आणि तो तिच्या हिशेबानं अगदी बरोबर होता. कवडूचा बाप गावाची दवंडी द्यायचा. डफ वाजवून चावडीपुढं जे सांगायचं ते तीनदा सांगायचं, ही रीत. शेताची हद्द असो, गुरांचा कोंडवाडा असो, कोणाला हरकत असली तर तिसऱ्या आवाजाच्या आत त्यानं उठून बोलावं. तिसरा आवाज झाला, पाटील बसलेला आहे, कोणी उठलं नाही, म्हणजे गोष्ट ठरली; मग तिच्यावर कोर्टानंही बोलायचं काम नाही. उभा जन्म आईनं हे त्या डफाच्या मागं चालून ऐकलं होतं. तेव्हा चावडीपुढं, पाटलाच्या तोंडासमोर, सरकारनं तिला तीनदा विहिरीवर उभी केली आणि कोणी हरकत घेतली नाही, यापुढं आणखी कसला हुकूम पाहिजे? दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मडकं घासून घेतलं, आणि बायकांच्या गर्दीच्या वेळी, लपूनछपून नव्हे, ओट्याच्या पायऱ्या चढून वर गेली. पुढचं कवडूला मोहल्ल्यातल्या तानबानं सांगितलं. हाच तानबा तिला बैलगाडीत घालून वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन आला होता. "दोराले हात लावला तिनं, अन् रुख्माबाईनं मडकंच लाथाडलं. मंग गडीमानसं आले. मारलं म्हणाव त मारलं नाई गा, ढकललं. पन ओटा केवढा उच्चा! डाव्या हातावर पडली. पडल्यावरबी म्हणेच, तीनदा दाखवलं, तीनदा दाखवलं." तानबानं डोळे पुसले आणि विचारलं, "काऊन गा कवडू, थे चित्र तं तुमच्याच हापिसातलं होय ना?"

डावा हात दंडापासून मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. उजवा होता तो नसल्यासारखाच. कवडूनं कार्यालयात सांगितलं, आई पडली. हे खोटं नव्हतंच, म्हणून तर ते इतक्या सहज तोंडातून गेलं. दोन दिवसांनी वासुदेवरावांनी त्याला बोलावलं. चेहरा उतरलेला होता. रात्री झोप लागली नसावी. "त्या गावात वाईट झालं हो. कोणी एक बाई विहिरीवर चढली, झोंबाझोंबी झाली. वरून विचारणा आलीये, की अशी चित्रं दाखवून तुम्ही तेढ वाढवता का. मला सांगा, माझा हेतू काय होता?" कवडू म्हणाला, "चांगला होता, साहेब." "हो ना? पण गावं अजून तयार नाहीत. आपण घाई केली." 'आपण' म्हणताना त्यांचा हात पुन्हा कवडूच्या खांद्याकडं आला. "चित्र टाकून द्यायला नको, विहीर चांगली आलीये. फक्त ती बाई काढा. तिथं एखादं झाड द्या. कडुलिंबाबिंबाचं. काळं आलं तरी चालेल, सावलीतलं वाटतं. आणि हो, आईला बरं आहे ना आता? पडल्या म्हणालात. या वयात जपायला हवं. काम घरीच न्या, त्यांच्यापाशी बसून करा." इतक्या भल्या माणसाचं काय करायचं, हे कवडूला आजवर कोणी शिकवलं नव्हतं. ही माझी आई आहे, हे वाक्य पुन्हा ओठांवर आलं. या वेळी ते म्हणण्यात नोकरी जाण्याचं भय होतं, पण खरं भय ते नव्हतं. ते म्हटलं की पुढचंही म्हणावं लागलं असतं: तिला वर चढवणारा मी. त्यानं काच फडक्यात गुंडाळली आणि सदऱ्याच्या आत घातली.

दुपारी आई त्याच्या खोलीत झोपली होती. उन्हानं कौलं तडतडत होती. खिडकीशी बसून कवडूनं काळा रंग खलला. इतर रंगांतून उजेड आरपार जातो, हा दाट काळा मात्र उजेड अडवतो; हा लावला की पडद्यावर त्या जागी काहीच उरत नाही. आधी त्यानं पायापाशी बुंधा धरला. मग तो वर चढवला. लाल किनार गेली, जांभळं गेलं. दोन हात देऊन मुरवलेला जांभळा एका फटकाऱ्यात गेला, याचं त्याला कारागीर म्हणून वाईट वाटलं, आणि आपल्याला या क्षणी कारागीर म्हणून वाईट वाटतंय याची त्याला शिसारी आली. तरी हात थांबला नाही. हाताला सवय असते. वर केलेल्या मुठीवर त्यानं पाला दाट केला, चेहरा शेवटी ठेवला होता तो डोळे किलकिले करून, न पाहता झाकला. झाड चांगलं आलं. खरं सांगायचं तर फारच चांगलं आलं. पाहणाऱ्याला वाटावं, ओट्याच्या कडेला पन्नास वर्षांचा लिंब आहे.

"कवडू." आई जागी होती. केव्हापासून, कोण जाणे. "म्या इचार केला. तहसिलीत जाऊ आपन. तानबा येते म्हणे संगं. सारे म्हनतीन, असं काई झालंच नाई, म्हतारी येडी हाये. पन थे काच हाये ना तुयापाशी? थे काच साहेबापुढं धरजो. म्हनजो, पाहा, सरकारनंच चढवलं तिले. तीनदा दाखवलं, पाटील बसेल होता, कोनी हरकत घेतली नाई. तू गवाही. तूच त घालत होता काच." तिच्या आवाजात ताकद होती. इतक्या वर्षांत त्यानं तो आवाज ऐकला नव्हता. नदीवरून देव सोडून येताना ऐकला होता तेवढाच. कवडू काळा कुंचला फडक्याला पुसत राहिला. "काऊन बोलत नाई? कोठी हाये काच?" ती त्याच्या मांडीवरच होती. तो उठला, आणि काच तिच्या डोळ्यांपुढं, खिडकीच्या उजेडाकडं धरली. सवयीनं उलटीच धरली होती. मग सुलटी केली. आई बराच वेळ पाहत राहिली. तिनं रुख्माबाई ओळखली, चाक ओळखलं, ओटा ओळखला.

"याच्यात मी कोठी हाव?"

"नाई तू."

"कोनं काहाडलं?"

"म्या." त्याला वाटलं आता ती काही म्हणेल. त्याआधीच त्यानं पुढचं सांगितलं, घाईघाईनं, कोणी मागं लागल्यासारखं. "चढवलं होतं थेबी म्याच, माय. सरकारनं नाई. तू खालीच होती. म्या रंगानं चढवलं तुले."

बाहेर पवनारच्या मोटारीचा भोंगा वाजला आणि लांब गेला. आईची नजर काचेवरून हलली नाही. त्याला वाटलं होतं ती रडेल किंवा शिव्या देईल, दोन्हींची त्यानं तयारी केली होती. पण ती त्याच्याकडं पाहतच नव्हती, झाडाकडं पाहत होती, बाजारात एखादी वस्तू पारखावी तशी.

"थे काय लिंब होय?"

"हो."

"तेथी झाड नाई, कवडू," ती म्हणाली. "झाड असतं त सावलीत उभी राह्यली असती ना मी, इतके वर्स."

मग तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाली, "पानी दे." कवडूनं गडवा भरला. तिचे दोन्ही हात अंथरुणावर पडले होते, एक पांढरा, एक वाळलेला. तो उशाशी उभा राहिला, वाकला, आणि तिच्या तोंडात धार धरायला गडवा वर उचलला. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून गळ्यात, उशीवर गेलं.

"वरून नोको," ती म्हणाली.